पिवळ्या बाटल्या

नागपूर, ७ ऑगस्ट १९६३

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि आईला अन्नपूर्णेचा नमस्कार. मी मजेत आहे, खानावळीचा डबाही बरा असतो.

मला सोडायला आलात तेव्हा आपल्या धाड गावच्या एस.टी. स्टँडवर तुम्ही विचारलं होतं, "पोरी, त्या बाटल्यांत तू कायचं पीक घेऊन राह्यली?" बाबा, ते यीस्ट आहे, जिलबीचं पीठ आंबवणाऱ्या जिवांच्या भाऊबंदांतलं. माझ्या यीस्टला लोह कमी पडलं, की ते एक पिवळं जीवनसत्त्व भरपूर तयार करतं. लोह मिळालं, की थांबतं. माझ्या बाटल्या तीन महिने पांढऱ्याच राहिल्या. माझं संशोधन बघणारे सर म्हणाले, "विषय बदला." त्या दिवशी मी रडले, तुम्हाला कळवलं नाही.

मग लक्षात आलं, की बाटल्या धुवायच्या पाण्याची टाकी गंजलेली आहे. लोह तिथूनच येत होतं. मी सगळ्या बाटल्या आम्लाने धुतल्या, पाणी काचेच्या यंत्रातून शुद्ध करून घेतलं. काल सकाळी बघते तर बाटल्या पिवळ्याधमक! सरांनी सगळ्या वर्गाला बोलावून दाखवल्या.

यीस्ट कमी लोहावर निभावून नेतं, माणसाला ते जमत नाही. आई डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेते ना, की कोनाड्यात ठेवून देते? तिच्या चेहऱ्यावर रंग आला का? खरं लिहा.

सरांनी आणखी दोन वर्षं संशोधनाला राहाल का, असं विचारलं. यंदा परत येऊन लग्नाचं बघायचं ठरलं होतं, ते मी विसरलेले नाही. पण बाबा, आयुष्यात पहिल्यांदाच तुम्हाला न विचारता मी "हो" म्हणून बसले. रागावलात तरी चालेल, पण पत्र पाठवा.

तुमचीच,
अन्नपूर्णा