कोंबड्याला चारलेली गोळी

प्रिय तिनोंग,

रविवार, १२ ऑक्टोबर, दुपारी एक वाजून वीस मिनिटं. माझ्या नातीच्या, इसायच्या, सोळाव्या वाढदिवसाच्या जेवणात तू माझ्याच टेबलावरून तिच्या गोळ्यांची पट्टी उचललीस आणि खिशात घातलीस. आपल्या दोन घरांत फक्त एक कुंपण आहे, तरी हे लिहून पाठवते आहे, कारण सख्खा भाऊ असलास तरी तुझ्याशी बोलणं मी बंद केलं आहे.

वर सगळ्या पाहुण्यांना ऐकवलंस, "बघा, पोरगी कशी खिदळतेय! उदासीवरचं औषध हियांग झालं तिला. गुण आला, आता कशाला गिळायच्या?" हियांग! एकाला औषध मानवलं की आपल्या इलोइलोत ते अख्ख्या गल्लीचं होतं. आईची झोपेची गोळी तुलाही हियांग होईल म्हणून परीक्षेआधी घेतलीस आणि पेपरवर घोरलास, तेव्हाच शहाणा व्हायचास! पण नाही. इसायची गोळी केळ्यात कोंबून तू तुझ्या हेनेरालला चारलीस, का, तर कोंबडा तोंड पाडून बसलाय. संध्याकाळी झुंजीत त्याने समोरच्याकडे एकदा पाहिलं, पाठ फिरवली आणि खाली बसला. आणि तू कुंपणावरून ओरडतोस, "मानांग, अगं ताई, त्याला नाही हियांग झाली!" अरे, कॉन्व्हेंटात नन्सनी मला कोंबड्यांचं मन शिकवलं नाही, तरी सांगते, तो उदास नाही, म्हातारा आहे. शिवाय ही गोळी लागू पडायला कित्येक आठवडे जातात, एक केळं पुरत नाही.

डॉक्टर विलारुस पहिल्यापासून सांगताहेत, हसू आलं म्हणजे औषधाचं काम चालू आहे, संपलेलं नाही. बरं वाटल्यावरही ते पुष्कळ महिने घ्यायचं. थांबवायचं ते त्यांनीच, हळूहळू कमी करत.

नवी पट्टी मी त्याच दिवशी आणली. ती तशीच पडून आहे. इसाय म्हणते, "तिनोंग आजोबा म्हणाले मी बरी झाले. आता परत घेतली तर मी परत वेडी, असंच ना?" मी ओरडले, डॉक्टरांनी फोनवर समजावलं. आमचं पटत नाही, तुझं पटतं. गेल्या वर्षी ती शाळा, अंघोळ, बोलणं सोडून भिंतीकडे तोंड करून पडली होती. आम्ही सगळे दार ठोठावत होतो आणि तू बाहेर जमिनीवर बसून, बाचोय सूपचा वाडगा मांडीवर घेऊन, बंद दाराला कोंबड्यांच्या भानगडी सांगत होतास. तिने दार उघडलं ते तुला. मला याचा अजून राग येतो.

आज सकाळी तिने पुन्हा पडदे ओढून घेतले. नाश्त्याला आली नाही.

म्हणून हे पत्र. माझी माफी मागू नकोस, मी देणार नाही. तिला लिही. तू चुकलास, हे लिही. गोळी घेणारी मुलगी वेडी नसते आणि तुझी कमी लाडकीही होत नाही, हे लिही. फोन नको, कुंपणावरून ओरडणं तर नकोच. बोललेलं ती विसरते, कागद उशाखाली ठेवते. उत्तर लेखी हवं, तुझ्या हातचं, उद्या, बुधवारी सकाळी सातच्या आत.

तुझीच थोरली,
पुरिंग