कोलांटी, झोका, कूस

१४ जानेवारी १९५८
संक्रांत. सकाळी गॅलरीत एका पायावर, डोळे मिटून उभा राहिलो. डॉक्टर तपासणीत हेच करायला लावतात. आज बरा वेळ जमलं, मग उजवीकडे झुकलो आणि कठडा धरला. शेजारच्या भाईंनी विचारलं, बगळ्याला मासा मिळाला का? त्यांना तिळगूळ दिला. दुसरं काय करणार.
गेल्या पावसाळ्यात कान बिघडून चक्कर यायला लागली, तेव्हापासून विमान उडवणं बंद. चक्कर आता येत नाही. आलीच तर जिन्यात, आणि ते आईला सांगत नाही. पुढच्या महिन्यात शेवटची तपासणी. तीत नापास म्हणजे कायमचा खाली.
गच्चीवर पतंग उडतायत. मान वर करून बघवेना.

१८ जाने.
जुहूला फ्लाइंग क्लबात जाऊन आलो. गिरगाव चौपाटीवर समुद्राच्या बाजूला विमानाच्या कसरती दाखवायचं ठरलंय. आपलीच मॉथ. लढाईतली, दुपंखी, अंगावर कापड ताणलेली म्हातारी. तिला उलटीसुलटी करायचं काम इतकी वर्षं माझं. या खेपेला सदा करणार. सदा लालबागचा, हँगरमध्ये फिटर म्हणून आला, उडवायला मी शिकवला. चांगला उडवतो. हे लिहिताना पोटात दुखलं, तेही लिहून ठेवतो.
मला सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही माइकवर बसा, लोकांना इंग्रजीत समजावून सांगा. मी म्हटलं, साहेब, समोर गिरगाव-परळ बसणार. या दिवसांत त्यांच्यापुढे नुसतं इंग्रजी झोडलं तर अंगावर वाळू येईल. शेवटी अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी.
निघताना मॉथच्या पंखावर हात ठेवला. पुढे काही नाही, नुसता ठेवला.

२३ जाने.
मराठीत बोलेन म्हटलं खरं, पण शब्द कुठायत? लूप म्हणजे कोलांटी, ते सोपं. नाक आभाळाकडे करून वेग संपेपर्यंत वर जायचं, क्षणभर लटकायचं आणि दुसऱ्या अंगानं खाली यायचं, त्याला सदानं सुचवलं, झोका. झकास.
रोल अडला. लोळण म्हणावं तर गाढव डोळ्यांपुढे येतं. आई तांदूळ निवडत होती. तिच्यापुढे पंजा सपाट धरला आणि सावकाश पालथा करून पुन्हा उताणा केला. न थांबता म्हणाली, "कूस बदलतंय की."
इतकी वर्षं हेच करतोय, मला नाही सुचलं.
मी खाली बसणार याचा तिला आनंद झालाय, लपवतही नाही. बघायला येणार म्हणते. मी उडवायचो तेव्हा एकदाही आली नाही. देव पाण्यात घालून घरी बसायची.

१ फेब्रु.
सदा आला होता. आईनं कोलंबीचं भुजणं वाढलं, तर दोनदा मागून घेतलं पठ्ठ्यानं. मग हळूच विषय काढला. मॉथ उलटी झाली की इंजिनाला पेट्रोल पोचत नाही. ते खोकतं आणि गप्प होतं, सुलटी केल्यावर पुन्हा धरतं. हे त्याला माहीत आहे, तरी म्हणतो, "मास्तर, ते गप झालं ना, की माझं अवसानच जातं. तुम्ही काय करायचे तेव्हा?"
मी म्हटलं, काही नाही, ऐकायचो.
खरंच ऐकायचो. तारांतून वारा जातो तेवढाच आवाज. समुद्र डोक्यावर. या चाळीत नळ, रेडिओ, भांडणं, बारशी यांच्यात वाढलेल्या माणसाला एवढी शांतता दुसरीकडे कोण देणार? मला तिथे परत जायचंय. बाकी काही नको.
सदा गेल्यावर रडू आलं. आलं तर आलं.

९ फेब्रु.
झालं एकदाचं. चौपाटी फुललेली. कर्णे लावणारा तोच, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना लावतो तो. समोरची माणसंही बहुतेक तीच.
सदाची कोलांटी गोल आली. झोका जरा लवकर सोडला, ते माझ्याशिवाय कुणाला कळलं नसेल. मग कूस. अर्ध्यावर मॉथ पूर्ण उताणी, इंजिन गप्प, आणि खाली एवढी गर्दी चिडीचूप. घोकून ठेवलेलं वाक्य विसरलो. तोंडातून निघून गेलं, "आता सुलटं झालं पाहिजे."
"झालंच पाहिजे!" सगळी चौपाटी ओरडली. मग आणखी एकदा. बंदोबस्ताचे पोलीससुद्धा हसले. तेवढ्यात मॉथ सुलटी झाली, इंजिनानं धरलं आणि लोकांनी टोप्या उडवल्या. विमान आपल्याच घोषणेनं सरळ झालं, अशी निम्म्यांची तरी खात्री असणार.
मजा आली. खोटं कशाला लिहू? पण ठाकूरद्वारपर्यंत येईतो सगळी ओसरली. मॉथ जुहूच्या बाजूला लहान लहान होत गेली, तेवढंच डोळ्यांपुढे राहिलं.

११ फेब्रु.
सेक्रेटरींनी बोलावलं. क्लबात कायमची नोकरी, आणि जिथे जिथे कसरती तिथे माइक माझा. मात्र उडवणाऱ्यांतून नाव काढायचं, म्हणजे तपासणीची कटकटच नको. माणूस ताबडतोब हवाय, सोमवारच्या आत हो किंवा नाही. तपासणी नेमकी सोमवारी. आधी डॉक्टरांचं बघतो म्हटलं, तर म्हणाले तोवर थांबता येणार नाही.
सगळे म्हणतात, घे. भाई म्हणतात हातचं सोडू नकोस. सदा म्हणाला, "तुम्ही नसतात ना मास्तर, तर लोक भेळ खाऊन घरी गेले असते." मनापासून म्हणाला.
बरोबरच आहे सगळ्यांचं. मग माझी जीभ का उचलत नाही?

१४ फेब्रु.
आज आईला नोकरीचं सांगितलं. वाटलं, देवापुढे साखर ठेवेल. साखरेचा डबा उघडलाच नाही. मग म्हणाली, त्या दिवशी तिनं विमान पाहिलंच नाही. माझ्या मागेच बायकांच्या खुर्च्या होत्या, तिथून मलाच बघत होती.
"टेबलाखाली तुझे पाय चालले होते, वसू. सारखे. कशाला रे?"
मला ठाऊकच नव्हतं. तिला सांगितलं, विमानाची शेपटी पायांनी वळवतात.
तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "सोमवारी डॉक्टरांकडे जा. मी येते बरोबर."

१७ फेब्रु., सकाळ
सेक्रेटरींना काहीच कळवलं नाही. म्हणजे ‘नाही’ असंच कळवल्यासारखं. काल जिन्यात पुन्हा जरा, पण लगेच थांबलं. थांबलं असं मला तरी...
आई केव्हाची लुगडं नेसून दाराशी उभी आहे. आताच म्हणाली, "पास झालास तर रस्त्यात सांगू नकोस मला. घरी येऊ, मी बसेन, मग सांग."
नापास झालो तर कुठे सांगायचं, ते काही बोलली नाही.