आमचा साहेब मरत न्हाई

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. जेवणं झाल्यावर.
आज साहेब इहिरीत पडून मेला. मग उठला. जीव थंड झाला.

ही डायरी माझ्या पोराला, अंगदला, खताच्या दुकानातून फुकट मिळाली. मागच्या सालची हाय, म्हनून वार खोडून लिवते. प्रौढ शिक्षनाच्या वर्गात माझा पयला नंबर आलता. वर्गात आमी दोघीच व्हतो ते सोडा. हे कुनी वाचायचं न्हाई. तेजश्रीनं तर न्हाईच. नात हाय, पर लई भोचक हाय.

तर साहेब. इन्स्पेक्टर शूरसेन. दर शुक्रवारी आठ वाजता त्येला कुनीतरी मारतंच. गोळ्या घालतेत, इख पाजतेत, मागं एकदा रोडरोलरखाली घातला. आमी बाया तोंडाला पदर लावून बसतो. जाहिरात लागती. मग साहेब खोकतो, कॉलर नीट करतो आन च्या मागतो. च्या मागितला की आमी टाळ्या वाजवतो. त्येला मरन कावून येत न्हाई ते पयल्या एपिसोडात सांगितलं म्हनं. तवा आमची लाईट गेलती.

शेजारची छबुबाई तेवढी टाळी वाजवीत न्हाई. टीव्हीच्या पुढ्यात पोतं अंथरून बसती आन एकच इचारती, "आक्का, ह्यो उठला. पर ह्येच्यासंगं हवालदार मेला त्यो कावून उठत न्हाई? नाव काय व्हतं त्येचं?"

मी म्हनले, "अगं, हवालदार दर आठवड्याला नवा असतो. त्येचं नाव कोन ध्यानात ठिवतं?"

 छबुबाईचा पोरगा बजरंग उन्हाळ्यात नदीच्या रस्त्याला गेला. चोरीच्या वाळूचा ट्रक, हायवा, आडवा होऊन थांबवला, तर ड्रायव्हरनं लाईट बंद करून अंगावर घातला. आमचा अंगद आन त्येचा दोस्त राधाकिशन दूध घेऊन गेवराईला चाललते, दोघांनी डोळ्यानं बघितलं. हायवा रविराजशेठचा. शेठ म्हनतो, पोरगं पिऊन आपोआप चाकाखाली आलं. दोन डिसेंबरला कोर्टात साक्ष हाय. अंगद सांगनार, राधाकिशन सांगनार, काम खतम. साहेबाच्या सिरीयलीत साक्ष झाली की जाहिरातीच्या आत जन्मठेप होती.

साक्ष होस्तोवर मिसरी बंद. शपथ.

सोमवार, १० नोव्हेंबर. दुपार.
मिसरी फक्त सकाळी लावते. दातासाठी. ती धरायची न्हाई.

बाभळीखाली पांढरी गाडी उभी व्हती. काचा काळ्या, नंबर न्हाई. नवी कोरी असंल. आत बापे बसलेले, हातात कडे, गळ्यात चैनी. मला वाटलं सिरीयलवाले जागा बघत फिरतेत. आमच्या नदीकाठासारखी जागा त्येंना कुठं मिळायची! मी च्या नेऊन दिला. एकजन लई गोड. "मावशी, अंगदभाऊ दूध घेऊन कवा निघतेत?" मी सगळं सांगितलं. पाटे पाचला निघतो, नदीच्या रस्त्यानं जातो, राधाकिशन पुलापाशी गाडीवर बसतो, तिथवर अंगद एकलाच. त्यो म्हनला, "मावशी, लई कामाचं सांगितलं."

आजकाल म्हाताऱ्या मानसाला एवढं कोन इचारतं?

सूनबाईला सांगितलं तर तिच्या हातातलं पातेलं पडलं. "आत्याबाई, तुमचं तोंड हाय का गावची येस?" म्हनली. जळती माझ्यावर. तिला कुनी काय इचारीत न्हाई.

बुधवार, १२ नोव्हेंबर.
अंगद आता नदीच्या रस्त्यानं जात न्हाई, हायवेनं जातो. डिझल जास्त जळतं, पर रस्ता गुळगुळीत हाय, बरं झालं. उशीखाली कोयता ठिवतो. इचारलं तर म्हनला, "माय, उंदरं झालेत." मला तर एक बी दिसलं न्हाई. माझी नजर अधू झाली का काय.

राधाकिशन येऊन बसलता. त्येची सगळी टोळी ऊसतोडीला गेली. ह्यो साक्षीसाठी मागं थांबला. बायको रोज भांडती म्हनं. अंगदला म्हनला, "तू हाय तर मी हाय बे. तू नसला तर आपल्याच्यानं न्हाई व्हनार." अंगद म्हनला, "मी कुठं चाललो? च्या पी." दोघं हसले. च्या मातर कुनीच पेला न्हाई. एवढं दूध घातलतं!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. साहेब झाल्यावर.
साहेबाला आज तिघांनी भोसकलं. उठला. आन मला एकदम उमजलं त्यो कावून मरत न्हाई ते!

दर शुक्रवारी त्यो मेला म्हनून अख्ख्या महाराष्ट्रातल्या बाया रडतेत. जित्या मानसासाठी मेल्याचं रडनं झालं, की आलेलं मरन रडन्यावर निभावून माघारी जातं. आमच्या मायच्या येळंपासून हेच करतेत. कावळा शिवला की लांबच्या नातलगाला खोटा सांगावा धाडायचा, अमका गेला म्हनून. त्येंनी रडायचं, मग खरं सांगायचं, साखर वाटायची. मानूस शंभर वर्सं जगतो. माझ्या चुलत्याचं दोनदा केलतं. त्यो एवढा जगला की घरचे कंटाळले.

सिरीयलवाल्यांना हे कुनी सांगितलं असंल?

छबुबाईला इचारलं, बजरंगचं कुनी केलतं का असं? ती म्हनली, "त्येला कावळा शिवला न्हाई आक्का. हायवाच शिवला."

रविवार, १६ नोव्हेंबर.
आज अंगदला कावळा शिवला! गोठ्यासमूर, डोक्याला पाय लावून गेला. अंगद म्हनला, चिमनीएवढं भ्याव नको घेऊस माय, त्यो भाकरीवर झडपला. पर मी भ्यालेच न्हाई. मला उपाय ठावका हाय. उलट बरं वाटलं, आयतं निमित्त झालं. पोरगं साक्षीला जायच्या आधी पक्कं करून टाकते.

धर्मापुरीच्या माझ्या भनीला, कौसाबाईला, सांगावा धाडायचा ठरलं. पूर्वी मानूस जायचा. आता तेजश्रीचा मोबाईल हाय. ती न्हायला गेली तवा घेतला. नातलगांच्या ग्रुपवर ते माईकचं बटन दाबलं आन रडले. "कौसे गंऽ, माझा अंगद गेला गंऽ, वाळूवाल्यांनी घात केला गंऽ." वाळूवाल्यांचं मनानंच घातलं. खरं वाटाया पायजे. एवढी चांगली रडले की मलाच पानी आलं. मागून ऐकलं तर अंगावर काटा आला. सिरीयलीत घेतेल मला.

घटकाभरानं खरं सांगनार व्हते. तेवढ्यात लाईट गेली, आन मोबाईल बी गपगार पडला. असू द्या. जास्त येळ रडले तर जास्त आयुष्य.

सोमवार, १७ नोव्हेंबर. लई धांदल.
कौसाबाईच्या नातवानं अंगदचा फोटू टाकला, खाली "भावपूर्ण श्रद्धांजली", दोन्हीकडं समया. फोटू लई सुंदर आलाय. गावभर सगळ्यांच्या स्टेटसला.

सकाळी पयली छबुबाई आली. दारातूनच ऊर बडवीत. अंगद मागं गोठ्यात कडबा तोडीत व्हता, त्येला काय बी ठावं न्हाई. मी तिला लगेच सांगायला पायजे व्हतं. पर म्हनलं थोडं रडू द्यावं. शेजारचं रडनं जवळचं असतं, जास्त लागू पडतं. ती "अंगद अंगद" करता करता "बजरंग बजरंग" करू लागली. मग अंगद हातात इळा घेऊन पुढं आला. "काय झालं काकू?"

छबुबाईनं त्येचं तोंड दोन्ही हातात धरलं. कान बघितले, डोकं चाचपलं. हसायाच लागली. "उठला गं आक्का! ह्यो बी उठला!"

मी साखर वाटली. तिनं चिमूट हातात घेतली, खाल्ली न्हाई.

मग तीच पांढरी गाडी आली. म्हंजी सिरीयलवाले न्हाईत, रविराजशेठची मानसं. शेठ सोता उतरला. पांढरे कपडे, हातात झेंडूचा मोठा हार. माझ्या पायाला हात लावला. "आई, वाईट झालं. आमची लई वळख व्हती." संस्कार हायेत मानसाला.

तेवढ्यात त्येला अंगद दिसला.  सूनबाईनं तेजश्रीला आत ओढली.

शेठ हसला. म्हनला, "अरे वा. बरं झालं. आनलाय तर राहू द्या हार. शिळा व्हईल, एवढंच." सोताच्या हातानं खुंटीला अडकवला. जाताना अंगदच्या खांद्यावर हात ठिवला. "घरच्यांचा रडायचा सराव झाला, अंगद. हे लई चांगलं केलं."

मी म्हनले, "शेठ, च्या तरी घ्या." तर अंगद माझ्यावर असा वरडला, असा वरडला. जल्मात कवा वरडला न्हाई. वरडायला आवाज बी जित्या मानसाचाच लागतो. उपाय लागू पडला म्हनायचा.

मंगळवार, १८ नोव्हेंबर.
राधाकिशन गेला. म्हंजी मेला न्हाई, गेला. काल पाटे त्येनं मोबाईलवर माझं रडनं ऐकलं, "वाळूवाल्यांनी घात केला" ऐकलं, आन बायको, भांडी, शेळी सगळं ट्रॅक्टरवर घालून कोल्हापूरकडं ऊसतोडीला निघून गेला. फोन बंद. मी तेजश्रीकडून खरं सांगनारा निरोप तीनदा धाडला. हसन्याचा बी धाडला. ऐकायला कोन हाय?

येईल. कारखाना काय जल्मभर चालतो का?

अंगद माझ्याशी बोलत न्हाई. इचार करीत असंल. साक्षीचा.

मिसरी दुपारी बी लागते. कारन काळजी. म्हंजी काळजी न्हाई, सवय.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर.
बाया कमी आल्या. टीव्ही बघायच्या सोडून खुंटीकडं बघतेत. हार काढावा म्हनले तर सूनबाई म्हनली, "हात लावू नका, आत्याबाई. आनखी काय तरी कराल." काढला तर अपशकुन, ठिवला तर बी अपशकुन. म्हनून मी तिकडं बघतच न्हाई.

साहेबाला आज करंट दिला. उठला. छबुबाईनं इचारलं न्हाई. मीच म्हनले, "हवालदाराचं नाव इचार की." ती म्हनली, "आता दोन तारखेलाच इचारीन. कोर्टात बजरंगचं नाव घ्येतेत का बघते."

बरं झालं. तिला बी काहीतरी बघायला हाय.

शनिवार, २९ नोव्हेंबर.
दूध घ्यायला डेअरीवाल्यानं नकार दिला. पात्तळ हाय म्हनं. आमच्या म्हशीचं दूध पात्तळ!

तेजश्रीच्या कॉलेजच्या गेटवर पांढरी गाडी थांबती. कुनी काय बोलत न्हाई, नुसती थांबती. तेजश्री घरीच बसली. मी अंगदला म्हनले, "तू घाबरू नगंस, तुला आता शंभर वर्सं काय व्हत न्हाई." त्यो म्हनला, "मला व्हत न्हाई, माय. तिला?"

तिचा बी खोटा सांगावा धाडू का म्हनले. त्यो उठून गोठ्यात गेला. जेवला बी न्हाई.

मंगळवार, २ डिसेंबर. दिवेलागन.
अंगद सुखरूप आला! धडधाकट. छबुबाई त्येच्यासंगंच जीपमधून गेलती, आली एकलीच यष्टीनं.

आला की हात धुवायच्या आधी खुंटीवरला हार काढला, म्हशीपुढं टाकला. तिनं वाळलेली फुलं खाल्ली, दोरा ठिवला. मी म्हनले, "काय म्हनला रे जज?" त्यो म्हनला, "च्या टाक."

साहेबावानी!

बुधवार, ३ डिसेंबर.
सूनबाईनं सांगितलं. अंगदनं कोर्टात सांगितलं, अंधार व्हता, गाडी कुनाची ते दिसलं न्हाई, बजरंग कसा पडला ते बी दिसलं न्हाई. छबुबाई मागच्या बाकावर बसलती. वकिलानं इचारलं, मयताला वळखत व्हता का? अंगद म्हनला, "तोंडवळखीचा व्हता."

तोंडवळखीचा! माझ्या घरात एका ताटात जेवलेली पोरं.

पांढरी गाडी दिसत न्हाई. डेअरीवाला म्हनतो, दूध घट हाय. तेजश्री कॉलेजला गेली.

शुक्रवार, ५ डिसेंबर.
छबुबाईचं पोतं अंथरून ठिवलं. आली न्हाई. तेजश्रीला धाडलं. छबुबाईनं दारातूनच निरोप दिला, "आक्काला म्हनावं, तुमचा उठला. तुमी बघा."

अंगद पुढ्यात बसलता. साहेब बरोबर आठला मेला. खोकला. कॉलर नीट केली. च्या मागितला. टाळी कुनी वाजवली न्हाई. अंगदनं मान खाली घातलेली, ती वर केली न्हाई.

साहेबाच्या मागं हवालदार पडलेला व्हता. जाहिरात लागस्तोवर मी त्येच्याकडंच बघत बसले. नाव सांगतेल म्हनलं. सांगितलं न्हाई.