जवसाची चटणी

मंगळवार, १८ ऑगस्ट

चारुदत्त सकाळीच म्हणाला, "आई, रात्री दोघं जेवायला आहेत. नावं बाहेर सांगायची नाहीत." नाही सांगत बाबा. पण घालू काय, ते तरी सांग!

मीनाने जळगावहून पाठवलेलं जवस आजच आलं. लेक आईची आवड विसरत नाही. कोलकात्याला आल्यापासून पहिल्यांदाच जवसाची चटणी केली — वाटीभर. थालीपीठ, वांग्याचं भरीत, ताक.

एक पाहुणा ढाक्याचा, तौहीद. चारुदत्तासारखाच अमली गोळ्यांच्या तस्करांमागे लागलेला अधिकारी. मला 'खालाम्मा' म्हणतो. दुसरा चारुदत्ताच्याच ऑफिसातला तन्मय, इथलाच बंगाली, मला 'माशीमा' म्हणतो; दोन्ही म्हणजे मावशीच. वाटी त्यानेच पुसून खाल्ली. "माशीमा, हे काय आहे? माझ्या आईला शिकवा."

न्यू टाउनला चार देशांची बैठक चालली आहे. पेपरात वाचलं होतंच. गोळ्या म्यानमारकडून होडीने येतात, त्याच होडीत बंदुका. त्या लोकांना कुठलीच वेस आडवी येत नाही. आपल्या माणसांना मात्र प्रत्येक वेशीवर अर्ज करावा लागतो. तौहीदकडे एक नाव आहे — इकडच्या कुणा बड्या माणसाचं. परत जाऊन तो साक्षीदार घेऊन येणार. तोवर त्याला जपायचं.

तन्मयने विचारलं, "केव्हा निघताय?" चारुदत्त हसला. "तुला कशाला? डबा देणारेस?"

मला मात्र स्वयंपाकघरात हळूच सांगितलं — तौहीदला सोडायला निघायचं गुरुवारी सत्तावीसला, गाडीने, पेट्रापोलच्या सीमानाक्यावरून. ऑफिसातही कुणाला माहीत नाही. मला का सांगितलं? बेसनाचे लाडू कधी वळायचे, म्हणून मीच मागे लागले होते.

गुरुवार, २० ऑगस्ट

फोन आला. चक्क मराठी! "काकू नमस्कार, मी अजेय. डमडमला राहतो, नाशिकहून नवीनच आलोय. मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीसाठी येऊ का?"

दिवसभर हिंदीत भाजी घ्यायची, बंगालीत मान डोलवायची. कानावर मराठी पडली की माझं लोणी होतं. या म्हटलं, शनिवारी.

शनिवार, २२ ऑगस्ट

अजेय येऊन गेला. चाळिशीचा, गोड बोलणारा. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या. आत येताच म्हणाला, "काकू, तुमच्या जवसाच्या चटणीचं फार ऐकलंय." मी फुलून गेले. म्हटलं, संपली रे, लाडू खा.

"एवढे लाडू? कुणी गावाला निघालंय?"

"मुलाच्या ऑफिसातला पाहुणा. गुरुवारी जातोय."

"विमानाने असेल."

"छे, गाडीने. पेट्रापोलवरून."

बोलून गेले. जीभ माझी, पण लगाम कुणाच्या हातात होता कोण जाणे. त्याने दुसरा लाडू घेतला, बायकोच्या तब्येतीचं काहीबाही सांगितलं आणि उठला.

आता दिवा लावताना आठवलं — वर्गणीचं त्याने नावसुद्धा काढलं नाही.

रविवार, २३ ऑगस्ट

मंडळाचं सगळं सुलभाताई बघतात. त्यांना फोन केला.

"कोण अजेय? शकुनताई, या वर्षी वर्गणीला मी आणि सुधाकरच फिरतोय. मी कुणालाही तुमचा नंबर दिला नाही."

अजेयचा नंबर लावला — बंद.

चारुदत्ताला सांगितलं तर त्याच्या नोकरीवर येईल. नाही सांगितलं तर त्या तौहीदच्या जिवावर. त्याचीही आई आहे, खुलन्याला. जेवताना तिचा फोटो दाखवला होता त्याने, माझ्यासारखीच बुटकी.

सोमवार, २४ ऑगस्ट

चहाच्या वेळी सगळं सांगून टाकलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. आता दिवसही बदलू आणि नाकाही. उद्याच निघतो."

"ऑफिसची गाडी?"

"ती ओळखीची झाली असणार. तन्मयच्या गाडीने जाऊ. माझ्याशिवाय त्या एकट्यालाच माहीत असेल."

माझा जीव भांड्यात पडला. तन्मय म्हणजे घरचाच.

मंगळवार, २५ ऑगस्ट

उजाडताच निघाले. तिघांच्या हातावर दही घातलं. तौहीद गोंधळला, मग चाटून खाल्लं. लाडवांचा डबा मांडीवर घेऊन मागे बसला. तन्मयने खाली वाकून माझ्या पायांना हात लावला.

त्याच दिवशी, दुपारी

भांडी लावताना ती चटणीची वाटी हातात आली आणि लख्ख आठवलं.

अजेयला चटणी कुणी सांगितली? मी समजून बसले होते सुलभाताईंनी. पण त्यांना काय माहीत! या गावात मी जवसाची चटणी एकदाच केली, त्या मंगळवारी. खाणारे तिघंच. तौहीद स्वतःच्या जिवाचा वैरी नाही. चारुदत्त माझा. राहिला तो तारीख विचारणारा, ज्याला ती मिळाली नव्हती. म्हणून मराठी बोलणारा माणूस माझ्या दारी धाडला.

आणि मुलाला मीच त्याच्या गाडीत बसवलं.

चारुदत्ताचा फोन लागत नाही. त्याच्या वरच्या साहेबांना लावला, हिंदी अडखळली, पण सगळं सांगितलं. ते म्हणाले, "घरातच थांबा, दार उघडू नका." हे लिहून ठेवतेय, कुणाला तरी कळलेलं असावं म्हणून.

आत्ता तन्मयचा फोन आला. किती शांत आवाज. "माशीमा, काळजी करू नका. चारुदा झोपलाय."

माझ्या चारुदत्ताला गाडी लागते. लहानपणापासून गाडीत त्याने कधी डोळा मिटलेला नाही.