पाहुण्यांच्या पाण्याची बाटली

उत्तरेश्वरराव व्याहीबुवा, मुक्काम चौसाळा, यांना डोंगरटाकळीहून आप्पारावचा हात जोडून रामराम.

आपली तब्येत ठणठणीत असणारच, कारण आपल्या बोअरचं पाणी मी प्यायलेलो आहे. विहीणबाईंच्या गुडघ्यांची आमच्या सौ. साखराबाईनं चौकशी केली आहे. आम्ही सगळे मजेत आहोत (पोट सोडून). खरं तर फोनच केला असता, पण तिकडे फोन सूनबाई स्वप्ना उचलते, आणि सध्या ती माझ्याशी 'हं' आणि 'बरं' यापलीकडे बोलत नाही. पत्रास कारण एवढंच, की नात चार महिन्यांची झाली, बारसं आपण थाटात केलंत, तेव्हा आता सूनबाईंची पाठवणी करावी. येत्या गुरुवारी मी स्वतः न्यायला येतो.

बाळंतपणाला जाताना स्वप्नानं दारात उभं राहून बजावलं होतं, "मामा, नळाला चांगलं पाणी आलं तरच लेकरू घिऊन येईन, न्हाई तर न्हाई." तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. गावची विहीर ओढ्याला लागून आहे आणि गावातली सगळी गटारं त्याच ओढ्याला सोडलेली आहेत (हे काम मी उपसरपंच असताना झालं, कोनशिलेवर माझं नाव आहे). त्यामुळे आमच्या नळाला कधी पिवळं, कधी हिरवट, आणि पोळ्याच्या सुमारास खास शेणाच्या वासाचं पाणी येतं. आम्हाला सवय आहे. लेकराला नसते.

म्हणूनच गावच्या पाणी समितीचा अध्यक्ष या नात्यानं मी नव्या विहिरीसाठी अर्ज केला. त्यावर तालुक्याहून पाणी तपासायची बाटली आली. गहिनीनाथनं (हा आमच्या पंचायतीचा माणूस, विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकतो, निदान टाकतो असं वहीत लिहितो) ती नळावर भरली आणि माझ्या ओसरीवर आणून ठेवली. सकाळी माणूस येऊन नेणार होता. मी सहज बाटली उजेडात धरली, आणि मला गावाची लाज वाटली हो! हे गढूळ पाणी आमच्या गावाचं नाव लावून बीडला जाणार, तिथं शिकलेसवरलेले लोक ते भिंगातून बघणार!

आता आपल्याला ठाऊकच आहे, आमच्याकडे पाहुण्याला नळाचं पाणी देत नाहीत. प्रत्येक घरात पाहुण्यांच्या पाण्याचा वेगळा कॅन असतो आणि घरची माणसं त्याला हात लावत नाहीत. आमच्या कॅनमध्ये त्या दिवशी आपल्याच बोअरचं पाणी होतं, नातीला बघायला आलो तेव्हा भरून आणलेलं. मी बाटली तुळशीत ओतली आणि आपल्या पाण्यानं काठोकाठ भरली. वाळ्याची जुडीही घालणार होतो, पण बाटलीचं तोंड लहान होतं.

पंधरा दिवसांनी निकाल आला. पाणी पिण्यास उत्तम! वडवणीला तालुक्याच्या बैठकीत आमच्या गावाचं नाव पुकारलं, मला शाल-नारळ दिलं, टाळ्या पडल्या. छाती फुगवून गावात आलो तर पंचायतीसमोर सरपंच वनमालाताई उभ्या. नवी विहीर शेजारच्या गावाला गेली होती. ज्यांचं पाणी उत्तम, त्यांना विहीर कशाला?

वनमालाताई आवाज चढवत नाहीत, हीच त्यांची भीती. "आप्पाराव, आधी ती शाल काढा," त्या म्हणाल्या, "अन् सांगा, बाटलीत कुठलं पाणी भरलतं?"

मी भर ग्रामसभेत सगळं कबूल केलं. कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं. मग फेरतपासणीचा अर्ज घेऊन मी सहा वेळा तालुक्याला गेलो. साहेबांना पटेना. आमचं पाणी वाईट आहे हो, असं गयावया करून सांगणारा अध्यक्ष त्यांनी नोकरीत प्रथमच पाहिला होता. शेवटी ते स्वतः यायला निघाले, तर गावात वेगळीच धास्ती. त्याच दिवशी नेमकं चांगलं पाणी आलं तर? गहिनीनाथचं म्हणणं पडलं, की आदल्या दिवशी विहिरीकाठी चार म्हशी बांधाव्या. वनमालाताई म्हणाल्या, "कावून? हाय तेच लई हाय."

साहेब आले. वनमालाताईंनी कागद दाखवले नाहीत, भाषण केलं नाही. नळाचं पाणी तांब्यात घेतलं आणि साहेबांच्या हाती दिलं. साहेबांनी तांब्यात पाहिलं. तांब्यातूनही कोणीतरी साहेबांकडे पाहत असावं, कारण साहेब दचकले, तांब्या खाली ठेवला आणि बाटली मागितली. या वेळी ती त्यांनी स्वतः भरली, सील केली आणि मांडीवर ठेवून नेली.

काल निकाल लागला. पाणी पिण्यास अयोग्य! गावात फटाके फुटले. मी पेढे वाटले. नापास झाल्याचे पेढे वाटणारा आपला व्याही पहिलाच असेल. आमचं नाव पुन्हा विहिरीच्या यादीत आलं आहे, म्हणजे काम झाल्यातच जमा. तेव्हा गुरुवारी लेक-नात तयार ठेवावी. कमीजास्त लिहिलं असेल ते पोटात घालावं, आणि नातीला माझ्या वतीनं एक पापा द्यावा, हळू.

आपला,
आप्पाराव

ता. क. विहिरीचं काम सुरू व्हायला पुढची दिवाळी उजाडेल असं साहेब म्हणाले. वर लिहायचं राहून गेलं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी निकालाचा कागद पुन्हा वाचला. पेढ्यांच्या गडबडीत 'अयोग्य'च्या पुढे कोणी वाचलंच नव्हतं. सांडपाण्यातले जंतू आहेत आणि लहान मुलांना हे पाणी मुळीच देऊ नये, असं लिहिलं आहे. साखराबाईला वाचून दाखवलं. चूल पेटवून पाणी उकळायला ठेवलं तिनं.

ता. क. तिसरा. हा तेवढा स्वप्नाला वाचून दाखवा. पोरी, येऊ नकोस. मी गुरुवारी येणार आहे, कारण मला राहवत नाही. कदाचित नेतो म्हणून हट्टही करीन. तू ऐकू नकोस. मला नातीला घटकाभर मांडीवर घेऊ दे, मग मी एकटाच परत जाईन.