कडुलिंबाला दीड वीत कमी

शिरूर, २१ सप्टेंबर २०२५

ती. हौसरावमामांस,
तेजश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं बरं म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र. यंदा भाऊबीजेला आमची गल्ली दारातल्या झाडांना गोधड्या नेसवणार आहे. घराघरातून जुन्या कपड्याचं एकेक ठिगळ. शेजारच्या रखमाजींनी तर कंपनीचा युनिफॉर्म कापून दिला. आमचा कडुलिंब तुम्ही आईच्या लग्नात दौंडहून एसटीत मांडीवर ठेवून आणलेला. तुमचं ठिगळ हवंच, आणि तुम्हीही. आई गेल्यापासून तीन वर्षं तुम्ही आमचा उंबरा चढला नाहीत, याचा मला राग येतो.

लोभ आहेच, तो पायांनी चालत यावा.
आपली भाची, तेजश्री

दौंड, २९ सप्टेंबर

चि. तेजश्रीस,
अ. उ. आ.

झाडाला थंडी वाजते हे सत्तर वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. आमच्या चिंचेला आता स्वेटर बघतो. गोधडी बांधा, पण खिळा ठोकू नका, आन् चार दिवसांत सोडा, नाहीतर खाली वाळवी धरेल. माझ्याकडं ठिगळाजोगं काही न्हाई. येणंही व्हायचं न्हाई. ओवाळायला तुझी आई, माझी सवी, नसलेल्या दारात भाऊबीजेला कसा उभा राहू? रागावू नकोस, पोरी.

लोभ आहे, गुडघ्यांचं सांगता येत नाही.
हौसरावमामा

शिरूर, ९ ऑक्टोबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

रागावले होते, पण इथं हसून पुरेवाट झाली. गल्लीतल्या झुंबरबाईंनी आपल्या कडुलिंबाच्या खोडाचा घेर मोजला, आठ विती. साखरबाईंनी आठ विती गोधडी शिवली, पण स्वतःच्या वितीनं. झुंबरबाईंचा पंजा सुपाएवढा, साखरबाईंचा पोरीसारखा. काल बांधून पाहिली तर दीड वीत खोड उघडंच. दोघी एकमेकींच्या हाताला बोल लावत बसल्या आहेत. बाकीच्या म्हणाल्या, कुठलंही फडकं जोडून टाकू. मी जोडू दिलं नाही. आई पाणी घालायला उभी राहायची त्या बाजूला ती जागा ठेवली आहे. तुम्ही आला नाहीत तर उघडीच राहील.

लोभाची वाट पाहते.
तेजश्री

दौंड, १६ ऑक्टोबर

चि. तेजश्रीस,
अ. उ. आ.

काही न्हाई असं लिहिलं ते खोटं होतं. सवी गेली त्या दिवाळीला तिच्या ओवाळणीची साडी मी आधीच आणून ठेवली होती. हिरवी, पिवळ्या काठाची. तीन दिवाळ्या पेटीत पडून आहे. घडी मोडायला हात होत नव्हता.

भाऊबीजेला सकाळच्या एसटीनं येतो. सुईदोरा तुमचा. दीड वीत मात्र मीच मोजून कापणार, त्या दोघींचा भरवसा न्हाई. उरलेल्या साडीचा ड्रेस दुपारी शीव आन् संध्याकाळी तो घालून त्याच दारात मला ओवाळ.

लोभ बरोबर घेऊनच निघतो.
तुझा हौसरावमामा