नकाशावरचा दोरा

५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबा गेल्याचं फोनवर सांगितलं खरं, पण तुझ्या रडण्यापुढे मला पुढचं बोलताच आलं नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते. आदल्या दिवशी सकाळीच घरी तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी मला खोलीबाहेर बोलावून सांगितलं, की ज्यांना बोलवायचंय त्यांना आत्ताच बोलवा, उद्याचा भरवसा नाही. मी फोन उचलला आणि ठेवला. म्हटलं, दोन विमानं बदलून, मधे रात्र काढून दादा पोचणार दोन दिवसांनी. उगीच वाटेत त्याचा जीव टांगणीला कशाला लावा! संध्याकाळी बाबा दाराकडे बघत पडले होते. दादा आला का, म्हणून दोनदा विचारलं. मी म्हटलं, दोन दिवस लागतात ना, बाबा. त्यावर त्यांनी मान भिंतीकडे वळवली. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

मनाला लावून घेऊ नकोस. अंतरच एवढं, तू तरी काय करणार? वेळेवर जेव, नाहीतर वहिनी माझ्याकडे तक्रार करेल आणि मी कोणाची बाजू घेईन हे तुला ठाऊक आहे!

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
धाकटी


१९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून डोकंच फिरलं. अख्खा दिवस हातात होता आणि तू फोन ठेवून दिलास? कोणी दिला तुला हा अधिकार? बाबा दाराकडे डोळे लावून होते आणि मी इथे ऑफिसात चहा पीत होतो! अगं, सात हजार किलोमीटर म्हणजे आजकाल काय? दुपारचं विमान सरळ तिथेच उतरतं. नऊ तास! रात्री मी त्यांच्या उशाशी असतो. पाठच्या बहिणीने असा केसाने गळा कापावा!

रागाच्या भरात जास्त लिहिलं असेल तर पोटात घाल.

तुझा,
दादा


२ एप्रिल

दादा,
आज नमस्काराला पाठ वाकत नाही.

नऊ तास. शिवणयंत्रावर पत्र ठेवून पुन्हा पुन्हा वाचलं. वाटलं, रडून माझेच डोळे बिघडले. सरळ विमान आहे! मग इतकी वर्षं तू आम्हाला काय सांगत होतास? आम्ही उठसूट ये म्हणू, याची भीती वाटली? अरे, यायचं नाही असं सांगायचंस. बाबा चिडले असते, मी रुसले असते, विषय संपला असता.

बाबांना संशय होता. माझ्या रिळाचा दोरा घेऊन भिंतीवरच्या नकाशावर तुझ्या शहरापासून आपल्या घरापर्यंत ताणायचे. म्हणायचे, शेजारच्या मास्तरांची लेक याहून लांबून येते, ती एका दिवसात पोचते, मग आपल्यालाच दोन का? एकदा मी वैतागून दोरा हातातून ओढला. म्हटलं, विमान काय दोऱ्यावरून चालतं? पोटच्या पोराला खोटं ठरवता, लाज नाही वाटत? लाज हा शब्द मी बाबांना वापरला, दादा, तुझ्यासाठी. परत कधी त्यांनी दोरा मागितला नाही.

फोन मी ठेवला, खरं आहे. तुझ्या शब्दावर ठेवला. केसाने गळा कोणी कोणाचा कापला, ते तूच ठरव.

आणि बाबांनी मान वळवली ती कुठल्या भिंतीकडे, ते लिहायचं राहिलं होतं. नकाशाच्या.

आता ये सावकाश. दोन दिवस लागले तरी चालतील, वाट बघणारं कोणी नाही.

धाकटी